तोटी दारात आली, पाना हातात येऊ द्या



भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर थापत राहा. शेतात असाल, तर हातातलं काम चालू द्या. घरी असाल, तर एक करा. अंगणातल्या नळाच्या तोटीकडं एकदा बघून घ्या. गळतीय का?

आम्ही गेवराई तालुक्यात बचत गटांचं काम बघतो. महिन्याच्या बैठकांना गावोगाव जातो. हप्ता, व्याज, वसुली संपली की चहा होतो, आणि मग खऱ्या गोष्टी निघतात. मागच्या एका उन्हाळ्यात अशाच बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “माझ्या तोटीला पंधरा दिस झाले चिंधी बांधलीय. प्लंबरला चार फोन केले. तो म्हणतो, एवढ्याशा कामाला येऊन पेट्रोलचे पैसे निघत न्हाईत. आणखी काही काम असंल तर सांगा, संगंच करू.”

सगळ्या हसल्या. मग एकेकजण सांगायला लागली. कुणाची टाकी भरून वाहते, कारण आतला फ्लोट मोडलाय. कुणाच्या मोरीचं पाणी उतरत नाही. कुणाच्या दारातला पाईप ट्रॅक्टरखाली फुटला, तो सायकलच्या ट्यूबनं आवळून ठेवलाय. त्या दिवशी बैठकीला अठराजणी होत्या. मोजलं तर अकरा घरांत काही ना काही गळत होतं.

आम्ही विचारलं, “मग हे दुरुस्त कुणी करायचं?” बैठक गप्प झाली. तेवढ्यात मागं बसलेली एक सून म्हणाली, “कुणी शिकवलं तर मी करीन.”

आजचं आमचं बोलणं तिच्या त्या एका वाक्यावर आहे. प्लंबिंगचं काम, म्हणजे पाण्याच्या नळांचं, पाईपांचं काम, हा बाईचा धंदा होऊ शकतो का? होत असेल तर त्याची वाट कुठून सुरू होते आणि कुठवर जाते?

आधी काम आहे का, ते बघू. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. गावातल्या प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं ते ठरलं. आता कुठं रोज पाणी येतं, कुठं चार दिवसाला येतं, कुठं पाईप पुरलाय पण पाण्याचा पत्ता नाही. ते भांडण ग्रामसभेत करायचंच आहे. पण एक गोष्ट सगळीकडं बदलली. पूर्वी गावात एक आड आणि दोन-चार हापसे असायचे. आता गल्लीगल्लीत जमिनीखाली पाईप आहे आणि दारोदारी तोटी आहे. जे बसवलं ते आज ना उद्या बिघडणार. वायसर झिजतो, आटे खराब होतात, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार तोटीत साचून ती जाम होते. बसवणारा ठेकेदार काम संपवून निघून जातो. नळ मात्र आपल्या दारात राहतो.

घरी एक हिशेब करून बघा. गळणाऱ्या तोटीखाली एक लिटरचं भांडं ठेवा. ते तासाभरात भरलं, तर दिवसाला २४ लिटर पाणी गेलं. नळाला चोवीस तास पाणी नसलं, तरी छतावरच्या टाकीला जोडलेल्या तोटीला हा हिशेब लागू होतोच. आणि एका माणसाच्या वाट्याचं पाणी किती? ५५ लिटर. म्हणजे दोन रुपयांच्या वायसरपायी घरातल्या एका माणसाचं जवळजवळ निम्मं पाणी मातीत जातं. चैत्र-वैशाखात टँकरमागं पळालेल्या बाईला या २४ लिटरची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि काम एवढंच नाही. घरकुल बांधलं की त्याला मोरी, संडास, टाकी आली. शेतात सबमर्सिबल मोटर आहे, ठिबक आहे. गेवराईत नवी घरं उठतात, दवाखाने आहेत, मंगल कार्यालयं आहेत, मुलींची वसतिगृहं आहेत. जिथं पाणी आत येतं आणि सांडपाणी बाहेर जातं, तिथं या कामाची गरज आहे.

आता दुसरा प्रश्न. हे बाईचं काम आहे का?

याचं उत्तर आपल्या नदीपलीकडंच आहे. हापसा तुम्ही सगळ्यांनी मारलाय. त्या हापशाचं मूळ आपल्या शेजारच्या जालन्यात आहे. पूर्वीचे बिडाचे पंप एका घरापुरते बनवलेले असायचे. सारा गाव हापसायला लागला की ते मोडून पडायचे. तेव्हा जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादाचा दणकट पंप तयार केला. त्याला ‘जालना पंप’ म्हणायचे. पुढं सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं त्यातूनच ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा उभा राहिला. तो पुढं आफ्रिकेतल्या गावांपर्यंत गेला. मराठवाड्याच्या कोरडीनं जगाला हापसा दिला, असं म्हटलं तरी चालेल.

पण हापसा बिघडला की दुरुस्त करायला मेस्त्री तालुक्याहून यायचा, आणि बाया आठ-आठ दिवस लांबून पाणी आणायच्या. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यातही हेच चाललं होतं. तिथं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘महिला समाख्या’ या कार्यक्रमातून गावातल्या गरीब, बहुतेक निरक्षर बायांना हापसा दुरुस्तीचं शिक्षण दिलं गेलं. जड पाईप उपसायचं काम त्यांनी गटानं केलं. काम शिकताना नोंदी लिहायची वेळ आली, सुट्या भागांची नावं वाचायची वेळ आली. तेव्हा त्याच म्हणाल्या, आम्हाला लिहायला-वाचायलाही शिकवा. त्यातून पुढं त्या भागातल्या बायांनी ‘महिला डाकिया’ नावाचं स्वतःचं पत्रक काढलं. हातात पाना आला, पाठोपाठ पेन्सिल आली.

आणखी लांबचं उदाहरण सांगतो. जॉर्डन नावाचा कोरडा देश आहे. तिथंही पुष्कळ घरांना आठवड्यातून एखाद-दोनदा पाणी येतं आणि बाकी दिवस छतावरच्या टाकीवर भागवावं लागतं. दिवसा घरातले पुरुष कामावर. घरात एकटी बाई असताना परका प्लंबर आत घ्यायची पद्धत नाही. मग गळणारा नळ तसाच गळायचा. तिथं जर्मनीच्या मदतीनं बायांना प्लंबिंग शिकवलं, आणि त्या घराघरांत जाऊन दुरुस्ती करू लागल्या. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? न्हाणीघर, मोरी, स्वयंपाकघर या घराच्या आतल्या जागा. तिथं काम करायला बाई आली तर घरातल्या बाईला मोकळं वाटतं. पुरुषांना ज्या दारात थांबावं लागतं, ते दार आपल्याला उघडं आहे.

आता आमच्याकडं काय झालं ते सांगतो. सगळं गोड झालं असं नाही, म्हणून सगळंच सांगतो.

त्या सुनेसोबत आणखी चौघी उभ्या राहिल्या. एक विधवा ताई, एक शिवणकाम करणारी, एक वस्तीवरची दहावी झालेली मुलगी, आणि एक आक्का, जी दरवर्षी नवऱ्यासोबत ऊस तोडायला जाते. तालुक्यातल्या एका जुन्या मेस्त्रीकाकांना आम्ही गळ घातली. ते आधी हसले. मग म्हणाले, “आठ रविवार देतो. पण मधी सोडायचं न्हाई.”

पहिल्या रविवारी त्यांनी पाना हातातच दिला नाही. गोणपाटावर सगळे तुकडे मांडले. एल्बो, टी, सॉकेट, युनियन, निप्पल, रिड्यूसर. म्हणाले, “आधी नावं पाठ करा. दुकानदार नावावरून मेस्त्री ओळखतो. ‘ते वाकडं द्या’ म्हणाला की त्यानं तुम्हाला गंडवलंच.” मग माप शिकवलं, अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची. मग पाईपांचे प्रकार. गार पाण्याला यूपीव्हीसी, गिझर किंवा सोलरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसी, सांडपाण्याला मोठा एसडब्ल्यूआर, आणि गावच्या योजनेचा जमिनीखालचा तो काळा, निळ्या रेघांचा एचडीपीई.

बाया भराभर शिकल्या. काकांनाच नवल वाटलं. पण यात नवल काय? यातल्या तिघींनी शेतात ठिबक जोडलेलं होतं. नळीला भोक पाडून ग्रोमेट बसवायचं, गळकं जॉइनर बदलायचं, फिल्टर धुवायचा, हे त्या वर्षानुवर्षं करत होत्या. फक्त त्याला ‘काम येतं’ असं कुणी म्हणत नव्हतं आणि त्याचे पैसे कुणी देत नव्हतं.

काकांनी शिकवलेल्या चार गोष्टी तुम्हीही लक्षात ठेवा, घरी उपयोगी पडतील. पहिली, तोटी उघडायच्या आधी मागचा वॉल बंद करा. दुसरी, आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळताना ती आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळा, नाहीतर बसवताना ती उलगडते. तिसरी, प्लास्टिकचा पाईप चिकटवताना तो आधी सरळ कापा, कडेचा भुसा काढा, पुसून कोरडा करा, मग सोल्युशन लावून थोडा पिळ देत आत बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच पाणी सोडू नका. चौथी, सांडपाण्याच्या पाईपाला ढाळ द्या. चार इंची पाईप असेल तर चाळीस फुटाला एक फूट. गावात निम्म्या मोऱ्या तुंबतात त्या कचऱ्यानं नाही, तर ढाळ चुकल्यानं.

आठ रविवार झाले. पिशवी हवी होती. पाईप पाना, स्क्रू पाना, पकड, हेक्सॉ, टेप, हातोडी, छिन्नी. गटाच्या अंतर्गत कर्जातून साडेतीन हजारांत पहिली पिशवी घेतली. एक पिशवी, पाचजणी. पाळीपाळीनं वापरायची.

पहिलंच काम बिघडलं. प्लास्टिकची तोटी बसवताना सुनेनं एवढी आवळली की आतलं सॉकेट तडकलं. पाण्याची चिळकांडी उडाली आणि ओट्यावर बघायला आलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही नवं सॉकेट गटाच्या पैशानं आणलं आणि दुसऱ्या दिवशी तिलाच पाठवलं. काका म्हणाले, “लोखंड आवळत्यात, प्लास्टिक समजावत्यात.” हे वाक्य आता आमच्याकडं म्हण झालंय.

दुसरी अडचण पैशांची. ओळखीची बाई आली म्हटल्यावर लोक चहा पाजतात आणि पैशाला म्हणतात, “आपलीच आहेस की.” म्हणून गटानं दर ठरवून कागदावर लिहिले. वायसर बदलायचे शंभर, नवी तोटी बसवायचे दीडशे, टाकीचा फ्लोट बदलायचे दोनशे, सामान वेगळं. तो कागद पिशवीतच ठेवला. बाईला स्वतःच्या तोंडानं पैसे मागायला जड जातं, पण छापील कागद दाखवायला जड जात नाही.

तिसरी अडचण सांगताना जीभ अडखळते, पण सांगायलाच हवी. एका घरी छतावरच्या टाकीचं काम होतं. पाळी वस्तीवरच्या मुलीची होती. ती गेली. घरातले थोरले म्हणाले, “टाकीला हात लावायचा न्हाई. दुसरीला पाठवा.” पोरीनं पिशवी उचलली आणि एवढंच म्हणाली, “बरं काका. मग पाणी बंदच राहील.” ती परत आली तेव्हा रडत नव्हती, आम्हीच रडत होतो. दुसरीला पाठवायचं का, यावर गटात दोन तास बोलणं झालं. काहीजणी म्हणाल्या, गिऱ्हाईक तुटेल. शेवटी ग्रामसंघात ठराव झाला की जिची पाळी असेल तीच जाईल, जात बघून माणूस बदलून मिळणार नाही. दोन दिवसांनी त्याच घरातल्या सूनबाईंचा फोन आला, “तिलाच पाठवा, पण लवकर पाठवा.” १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेतलं, त्याला शंभर वर्षं होत आली. आपल्या गावात ती ओंजळ अजून एका टाकीपर्यंत पोचायची होती, ती त्या पोरीनं पोचवली.

पाचातल्या तीनजणी टिकल्या. विधवा ताईंना मुलाच्या आजारपणात सोडावं लागलं. आणि ऊसतोडीच्या आक्काची उचल आधीच घेऊन झालेली होती. दिवाळी झाली आणि ती नवऱ्यासोबत कारखान्यावर गेली. जाताना पान्याला हात लावून म्हणाली, “माझी पाळी राखून ठेवा.”

आपला जिल्हा कोयत्याचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं एकतर पाचटाच्या कोपीत, नाहीतर म्हाताऱ्यांपाशी. तुम्हाला हे सांगायला नको. पण देशात असाही एक भाग आहे, जो प्लंबरांचा म्हणून ओळखला जातो. ओडिशातला केंद्रापाडा जिल्हा, तिथलं पट्टामुंडाई. समुद्रकाठचा, पुराचा मुलूख. पीक हमखास नाही. आपल्याकडं कोरड, तिकडं पूर, पोटाचा प्रश्न एकच. तिथली माणसं स्वातंत्र्याआधीपासून कोलकात्याला जाऊन नळाचं काम शिकली. एकानं दुसऱ्याला नेलं, काकानं पुतण्याला शिकवलं, आणि आज देशभर मोठमोठ्या इमारतींच्या कामावर तिकडचे प्लंबर भेटतात. पट्टामुंडाईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही उभी राहिली. तेही घर सोडून जातात. पण ते हातात हुन्नर घेऊन जातात, आणि हुन्नराचा भाव माणूस स्वतः ठरवतो. उचल घेतलेल्या माणसाचा भाव मुकादम ठरवतो. फरक एवढाच आहे, पण पिढ्या बदलणारा आहे.

आता वाट कशी आहे ते नीट ऐका. पोरीबाळी जवळ असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

पहिली पायरी गावातली. एखाद्या जाणत्या मेस्त्रीकडून घरगुती दुरुस्ती शिकायची. याला शिक्षणाची अट नाही.

दुसरी पायरी छोट्या प्रशिक्षणाची. प्रत्येक जिल्ह्यात बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. त्यांच्या यादीत प्लंबिंगचा महिनाभराचा कोर्स आहे. शिकणं, राहणं, जेवण मोफत. मात्र पुरेशी नावं जमली तरच बॅच लागते. म्हणून एकटीनं न जाता प्रभाग संघाकडून यादी करून जा. बायांची बॅच मागा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्याच माणसाला ‘नल जल मित्र’ म्हणून तयार करायचा कार्यक्रमही आहे. त्यात बाईचं नाव जाऊ शकतं. ग्रामपंचायतीत विचारा, आमच्या गावातून कुणाची नावं दिली?

तिसरी पायरी आयटीआयची. प्लंबर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी नापास मुलगीही अर्ज करू शकते. महिलांना ३० टक्के जागा राखीव आहेत आणि वयाची वरची अट नाही. म्हणजे तिशीतली सूनही जाऊ शकते. दहावीचा निकाल लागला की ऑनलाइन अर्ज सुरू होतात. प्रत्येक आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेड नसतो, म्हणून आपल्या जवळ कुठं आहे ते आधी विचारून घ्या. वर्ष झालं की परीक्षा, आणि मग शिकाऊ उमेदवारी. त्यात काम शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं.

चौथी पायरी मोठी आहे आणि तिथून वाटा फुटतात. नगरपालिका, महापालिका नळजोडणीच्या कामासाठी प्लंबरला परवाना देतात. तो काढला की शहरातलं काम घेता येतं. दवाखाना, हॉटेल, मोठी सोसायटी यांना देखभालीसाठी पगारी प्लंबर लागतो. शिकवण्याची आवड असेल तर आणखी एक वर्षाचं प्रशिक्षण घेऊन आयटीआयमध्ये निदेशक होता येतं. भांडवल जमलं तर सामानाचं दुकान टाकता येतं. आणि गटानं मिळून ग्रामपंचायतीकडून योजनेच्या देखभालीचं काम मागता येतं.

लहान मुली असतील त्यांच्यासाठी एक सांगतो. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं-मुली वर्षभर राहून वेल्डिंग, वीज, बांधकाम, शेती अशी हाताची कामं शिकतात. शाळेत मन न रमणारी, पण हात चालणारी पोर घरात असेल, तर तिला ‘ढ’ म्हणण्याआधी अशी जागा दाखवा.

दोन-तीन इशारेही देतो. ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात गवंडी आहे, सुतार आहे, प्लंबर नाही. कुणी एजंट म्हणाला, प्लंबरचा फॉर्म भरून देतो, तर एक रुपया देऊ नका. दुसरा इशारा जिवाचा. मोटरचं काम असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. शिडीवर चढताना साडी सोडून पंजाबी घाला, कुणी काही म्हणो. आणि तिसरा, सर्वांत मोठा. संडासाच्या टाकीत, गटाराच्या चेंबरमध्ये कुणीही सांगितलं तरी उतरायचं नाही. आत विषारी वायू असतो, क्षणात माणूस जातो. २०१३ च्या कायद्यानं असं काम माणसाकडून करून घ्यायला बंदी आहे. प्लंबर पाईप जोडतो, मैल्यात उतरत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं.

पैसे किती मिळतात, हे विचारल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. खरं तेच सांगतो. आमच्या तिघींना चांगल्या महिन्यात प्रत्येकी चार हजार सुटले, वाईट महिन्यात हजार-बाराशे. उन्हाळ्यात आणि लग्नसराईत काम जास्त, पावसाळ्यात कमी. एवढ्यावर घर चालत नाही. शिवणकाम, शेत, शेळ्या सोबत लागतातच. पण वस्तीवरच्या मुलीनं यंदा आयटीआयला अर्ज भरलाय. सूनबाईंना आता शेजारच्या तीन गावांतून फोन येतात.

आणि आक्का? ती उन्हाळ्यात परत आली आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी मागायला आली. तिची पाळी राखून ठेवलेली होती. यंदा मुकादम दारात आला, जोडीची उचल पुढं केली. अर्ध्या कोयत्याला उचल कमी, हेही सांगून झालं. आक्कानं नवऱ्याकडं बघितलं, दारात खेळणाऱ्या पोरीकडं बघितलं आणि म्हणाली, “भाऊ, यंदा आमचा अर्धाच कोयता येईल. अर्धा हितं कामाला लागलाय.” पोरगी चौथीत आहे. पहिल्यांदाच ती दिवाळीनंतर गावच्या शाळेत आहे. घरात पैसा ओढूनताणून पुरतोय, नवरा एकटा राबतोय, याची आक्काला रात्री काळजी वाटते. पुढच्या वर्षी काय होईल ते आम्हालाही सांगता येणार नाही. ते बरंचसं तुमच्या हातात आहे. गळणारी तोटी दुरुस्त करायला तुम्ही कुणाला बोलावता, यावर आहे.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपल्या गटातल्या किती घरांत गळतंय, ते मोजा आणि वहीत लिहा. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बाया असायला हव्यात, त्या कोण आहेत आणि नळ दुरुस्तीला पैसा कुठून येतो, ते विचारा. आणि बैठकीत मागं बसलेल्या, कधी न बोलणाऱ्या सुनेला विचारा, “शिकवलं तर करशील का गं?”

ती हो म्हणाली, तर पहिली पिशवी गटानं घेऊन द्या.

पाणी शेंदून, वाहून, साठवून आपले हात घट्टे पडलेले आहेत. आता त्याच हातांनी पाण्याची वाट बांधू. रामराम.